वाढदिवसाचा जांभळा

एक्स-रेच्या खोलीबाहेर शिवणकामवाली आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक खोकणारा बाप आणि त्याची शाळकरी मुलगी. कान द्यायचा नाही म्हटलं तरी बोलणं कानावर पडतच होतं.

“पुन्हा म्हण. मुलाखतीत घाई करू नकोस.”

“मला पक्षाच्या युवा शाखेत काम करायचंय, कारण आमची नदी रंगाच्या कारखान्यानं मारली.”

“आणि वडील काय करतात विचारलं तर?”

“आजारी असतात म्हणेन.”

“त्याआधी?”

“ते कशाला विचारतील, बाबा?”

“पर्यावरणवाले आहेत, विचारणारच. सांगून टाक. टाकीची चावी बाबाच फिरवायचे, रंगाचं पाणी नदीत तेच सोडायचे.”

“मग घेतील मला?”

“मागाहून कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

“तुम्हाला मालकानं सांगितलेलं.”

“हात माझाच होता ना. तू रोज विचारायचीस, बाबा, उद्या कुठला रंग?”

“वर्गात सांगायचे मी, माझे बाबा नदी रंगवतात.”

“वाढदिवसाला जांभळा हवा म्हणालीस. टाकी अडवून ठेवली होती मी तुझ्यासाठी.”

“पुलावर नेऊन दाखवलात.”

“केवढ्या टाळ्या पिटल्यास तू.”

“हेही सांगू त्यांना?”

तेवढ्यात आतून हाक आली. बाप भिंतीला धरत उठला आणि आत गेला. मुलीनं पुटपुटत पहिल्यापासून सुरुवात केली.

“मला पक्षाच्या युवा शाखेत काम करायचंय, कारण माझ्या बाबांनी…”

दार अर्धवट उघडंच होतं.

“छाती भरून श्वास घ्या, काका. आणखी घ्या.”

“एवढाच येतो.”