वासुदेवाचं बंड

आमचा वासुदेव मुंबईहून शिकून आला तो तोंड पाडूनच. मी म्हटलं, "काय झालं रे?"

"काही नाही. इंग्रजी काव्यातला नायक असाच असते. जगावर चिडलेला, एकटा. अन् कावून चिडला ते कोणाले सांगत नाही."

हा नायक म्हणे कड्यावर उभा राहते. अमरावतीत कडा कुठून आणावा? म्हणून हा कापसाच्या बाजारात गेला अन् गाठींच्या थप्पीवर चढून बसला. पागोटं काढलेलं, केस मोकळे, नजर लांब. आता भर बाजारात बोडक्या डोक्यानं कोण बसते? ज्याच्या घरी कोणी मेलं तो, नाहीतर ज्याची पेढी बुडाली तो.

खालून एका व्यापाऱ्यानं भीत भीत विचारलं, "वासुदेवराव, मुंबईत भाव पडून राहिला काय?"

वासुदेवानं लांब उसासा टाकला. "एक दिवस सारंच पडणार आहे."

झालं. जो तो मिळेल त्या भावात कापूस विकून मोकळा. घेणारा एकच, वासुदेवाचा बाप.

सांजेले वासुदेव खाली उतरून बापापुढं उभा ठाकला. "बाबा, मले तुमची पेढी नको. मी बंड करणार."

"कर ना बाप्पा," बाप म्हणाला. "फक्त उद्या अकोल्याच्या बाजारात कर."