कपाटाच्या काचेतला चंद्र

बाई: ...आणि हे गेल्या शनिवारचं. वाचते. "सदर आठवड्यात विद्यार्थिनीने दोन अंकी बेरजेचे अवलोकन केले असून हातच्याबाबतची कार्यवाही पूर्ण झाली आहे." आजोबा, तुमची नात दुसरीत आहे.

आजोबा: हल्लीची मुलं लवकर समजदार होतात, बाई.

बाई: हातच्याबाबतची कार्यवाही?

आजोबा: कानावर पडतं ते उचलतात. मी छत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढली. घरात भाषा तीच. आणि अक्षर बघा की. वाकडंतिकडं आहे, म्हणजे पोरीचंच.

बाई: फार मेहनतीनं वाकडं केलंय. डाव्या हातानं लिहिलंत का?

आजोबा: हा बाक भारीच ठेंगणा आहे हो. गुडघे हनुवटीला लागतात.

बाई: सात वर्षांच्या मुलांचा आहे. डाव्या हातानं लिहिलंत का, विचारतेय.

आजोबा: आणि तुमची शाळा काय कमी नाटकं करते? तीन दिवस पोर फोनपुढं बसवायची, दोन दिवस वर्गात बोलवायची, आणि शनिवार आला की 'या आठवड्यात मी काय शिकले' म्हणून कागद हवा. दर शनिवारी! आमचा साहेबसुद्धा महिन्यातून एकदाच खोटं मागायचा.

बाई: कागद मी मागत नाही, मुख्याध्यापक मागतात. ते त्यावरून रंगीत तक्ता करतात. तुमची नात त्यात हिरवी आहे. गडद.

आजोबा: गडद म्हणजे किती?

बाई: वर्गात सगळ्यात. त्याच तक्त्यावरून सोमवारपासून रोज वर्गात कोण येणार ते ठरतंय. फक्त लाल, म्हणजे मागं पडलेली मुलं. खुर्च्या आठ आहेत, सात भरल्या. यादी आज बंद होते.

आजोबा: मग द्या की एखाद्या लाल पोराला. आमचं काही म्हणणं नाही.

बाई: तिला वाचता येत नाही, आजोबा.

आजोबा: काय बोलता! सोमवारी सशाचा धडा घडाघडा वाचला तिनं. फोनवरून तुम्हीच टाळ्या वाजवल्यात.

बाई: तुम्ही पुढून सांगत होतात.

आजोबा: मी? मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही.

बाई: तिच्या मागं काचेचं कपाट आहे. त्या काचेत तुमचं टक्कल दिसतं. गेले चार आठवडे. मुलं त्याला चंद्र म्हणतात. मंगळवारी तुम्हाला यायला उशीर झाला, तर एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, आज अमावस्या आहे का?"

आजोबा: कोण ते कार्टं?

बाई: त्याला वाचता येतं.

आजोबा: आणि तुम्ही चार आठवडे गंमत बघत बसलात?

बाई: बसले. समोर बारा मुलं, पडद्यावर अकरा चौकोन, त्यातल्या सहांचा आवाज येत नाही, दोघांच्या घरी मिक्सर चालू. एक चौकोन तेवढा पटापट उत्तरं द्यायचा. मला बरं वाटायचं. तेवढी लबाडी माझी. परवा वर्गात तिला जवळ घेऊन बसले. पान उलटताना माझ्या हातून चुकून दोन पानं उलटली गेली. ही थांबलीच नाही. मधल्या पानावरचं सगळं म्हटलं, एक शब्द न चुकता. बोट भलत्याच ओळींखालून फिरत होतं. सगळं पाठ, आजोबा. तुमच्या आवाजासकट. "ससा म्हणाला" झालं की दोनदा खाकरते.

आजोबा: ...तो खोकला माझा जुना आहे.

बाई: आता तिचाही आहे.

आजोबा: मग करा तिला लाल. बाई तुम्ही आहात.

बाई: केलं. मुख्याध्यापकांनी परत पाठवलं. चार हिरव्यांवर पाचवा एकदम लाल कसा, म्हणे; मूल एका आठवड्यात एवढं विसरत नसतं. आता घरच्यांनी लिहून द्यायला हवं, की आधीचे कागद मुलीचे नव्हतेच. तिच्या आईला बोलवू?

आजोबा: नको! माझी लेक नर्स आहे हो, बारा-बारा तास उभी असते. दारातूनच विचारते, "बाबा, आज काय शिकली?" त्या पहिल्या आठवड्यात पोर फोनपुढं नुसती रडत होती. म्हटलं, आजच्यापुरतं सांगू. शनिवारी कागदही मीच लिहिला. लेकीनं वाचला आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. फ्रीजवर लावला तिनं तो. आता चार आहेत.

बाई: आणि त्या फ्रीजसमोरून ती पोर रोज जाते. चार कागद, तिच्या नावाचे, तिला न वाचता येणारे.

आजोबा: फार कडू बोलता तुम्ही.

बाई: गोड बोलायचं काम तुम्ही उरकलंय. हा घ्या कोरा कागद.

(आजोबा खिशातून पेन काढतात. टोपण लवकर निघत नाही.)

आजोबा: "उपरोक्त विषयास अनुसरून..."

बाई: नको. तिला समजेल असं लिहा.

आजोबा: तिला वाचता कुठं येतंय?

बाई: यायचंय. त्याचसाठी खुर्ची मागतोय ना आपण?

आजोबा: बरं. "आधीचे चारही कागद मी लिहिले. माझ्या नातीला अजून वाचता येत नाही. तिला खुर्ची द्या." बास?

बाई: बास. खाली सही.

आजोबा: तुमच्या त्या तक्त्यात माझा रंग कोणता येईल?

बाई: आजोबांना रकाना नाही.

आजोबा: तेवढीच सोय. याची एक प्रत मिळेल का? फ्रीजवर पाचवा लावतो. लेक घरी यायच्या आत.

बाई: मिळेल. द्या इकडं. ...हे काय आजोबा, पुन्हा डाव्या हातानं?

आजोबा: नाही हो. हा उजवाच आहे.