पाच झाडं

(क्रीट बेटावरची ऑलिव्हची बाग. सप्टेंबरची दुपार. फेब्रुवारीनंतर पावसाचा थेंब नाही. म्हातारी बहीण, तिचा धाकटा भाऊ.)

एव्हान्थिया : ठेव खाली ती करवत. मार्चआधी झाडाला लोखंड लावायचं नसतं, एवढंही विसरलास?

मानूसोस : मार्चपर्यंत झाड राहिलं तर ना, ताई. पानं बघ, अंग चोरून बसलीयत. आणि फळ तुझ्या-माझ्या गालांसारखं.

एव्हान्थिया : माझ्या गालांवर जाऊ नकोस. पाऊस आला की फळ पुन्हा भरतं.

मानूसोस : झाड कोण भरणार? खाली मूळ मूठभर, वर पसारा एवढा. पसारा उतरवला तर बुंधा जगेल. माझी चाळीस कालच छाटली.

एव्हान्थिया : पाहिली येताना. कातरलेल्या मेंढ्यांसारखी उभी आहेत, लाजून.

मानूसोस : तुझी पाच उरलीत. जमीन माझी, पण झाडं बाबांनी तुला लग्नात दिलेली. तुझ्या शब्दाशिवाय पान तोडणार नाही.

एव्हान्थिया : पलीकडे कलियोपीची झाडं बघ. हिरवीगार.

मानूसोस : तिच्या झाडांना कधी ठिबकची नळी नव्हती.

एव्हान्थिया : बाबा रोपाला दोनच उन्हाळे पाणी घालायचे. तिसऱ्याला घागर पालथी. म्हणायचे, तहानलं की मूळ आपण होऊन खाली जाईल.

मानूसोस : आणि मी वीस वर्षं ठिबक चालवलं. नवी मुळं सगळी वरच फुटली, नळीखाली तोंड उघडून. आता बोअरला खारं पाणी. तुझ्या झाडांनाही मीच नळी जोडली, न विचारता. बोल काय बोलायचं ते.

एव्हान्थिया : काय बोलू? पहिल्या साली दुप्पट तेल निघालं, तेव्हा मीच तुला कोकरू कापून जेवायला घातलं होतं.

मानूसोस : मग छाटू?

एव्हान्थिया : फळ कधी येईल पुन्हा?

मानूसोस : चार वर्षांनी. कदाचित पाच वर्षंही लागतील.

एव्हान्थिया : लेफ्तेरिसच्या थडग्यावरचा दिवा नऊ वर्षं याच तेलावर जळतोय. जन्मात त्यानं दुसऱ्याचं तेल तोंडात घेतलं नाही. आता दुकानातलं ओतू?

मानूसोस : कलियोपीकडून मागून आणतो.

एव्हान्थिया : तिच्या तेलाला नाक मुरडायचा तो.

मानूसोस : आता दाजी तक्रार करायला येतायत थोडेच!

एव्हान्थिया : तुझ्याकडे नाही येणार. माझ्या स्वप्नात येतो.

मानूसोस : असं करू, मधलं एक ठेवतो. दिव्यापुरतं.

एव्हान्थिया : जगेल ते?

मानूसोस : बघू की.

एव्हान्थिया : खरं सांग, मानूसोस.

मानूसोस : नाही, ताई. उभ्याउभ्या वाळेल.

एव्हान्थिया : चुना कालवलायस? उघडं लाकूड या उन्हात भाजेल.

मानूसोस : बादलीत तयार आहे.

एव्हान्थिया : मग आधी खालून खाच दे. फांदी मी धरते, तुटताना साल सोलली जायला नको.

मानूसोस : तू नको. सावलीत बस जरा.

एव्हान्थिया : तीच तर कापतोयस. चालव.