गट नंबरची तारीख झाली

कंप्यूटरला सगळं आपोआप कळतं म्हणता? ऐका मंग. अंबडला कोर्टासमोर मी न् दिलीप टायपिंगचं दुकान चालवत होतो. मी कायम म्हणायचो, "रकान्यात काय येणार, नाव, आकडा का तारीख, ते मशीनला आधी सांग."

दिलीप हसायचा. "कशाला? टाकलं की त्याला बराबर कळतंय!"

एकदा शहागडचे आबा जमिनीच्या दाव्यासाठी तक्ता करायला आले. दिलीपनं मशीनला काही न सांगता गट नंबर ५/३ टाकला. कागदावर छापून आलं, '५ मार्च'.

आबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "माझं वावर कुठं गेलं?"

"आबा, मशीनला वाटलं तारीख हाय," दिलीप म्हणाला.

"तारीखच पायजे असती तर समोर कोर्टात गेलो नसतो का? तिथं लाईट नसली तरी भेटती!"