तामातीच्या सायकलचे पुढचे चाक

नाव : हुइया किंगी. वय : ५४ वर्षे. व्यवसाय : सुईण. राहणार : वाइकारेरे, तळ्याकाठी, रोटोरुआजवळ, न्यूझीलंड.

मी आपणहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती तामाती किंगी, वय ५७, व नणंद पारे यांच्यासह राहते. पती लाकडावर कोरीव काम करतात. आमच्या कुळाच्या नव्या सभाघराचा मधला खांब त्यांच्याकडे सोपवलेला आहे. तो अर्धा कोरून झाला आहे.

आम्ही दोघे रविवारी जंगलातल्या वाटांवर सायकल चालवतो. यंदा पतींनी हार्डटेल, म्हणजे मागे स्प्रिंग नसलेली सायकल बांधून घ्यायचे ठरवले. काम ब्रेट हॉलिस याला दिले. त्याचे गावात सायकलचे दुकान आहे. तो पतींचा जुना मित्र आहे. सासूबाई गेल्या तेव्हा त्याने खांदा दिला होता.

चाक कोणत्या एक्सलवर, म्हणजे आसावर, बसवायचे यावरून दुकानात आमचा बराच वाद झाला. ब्रेटचे म्हणणे, हाताने आवळायच्या लिव्हरचा एक्सल पुरेसा आहे, तामातीची जुनी चाके त्यावरच चालतात, ती कशाला टाकायची. पतींचाही जीव त्या चाकांत होता. मी म्हणाले की लिव्हरच्या एक्सलला फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांची, टोके खालून उघडी असतात, आणि डिस्क ब्रेक उतारावर जोरात दाबला की तो चाकाला त्याच उघड्या बाजूला ढकलतो. आरपार जाणारा एक्सल दोन्ही बाजूंच्या बंद भोकांतून जाऊन आटे धरतो, तो निसटत नाही. ब्रेट म्हणाला, “तामाती, तुझी बायको बाळंतपणं करते की एक्सल बसवते?” पती हसले. पण शेवटी ते म्हणाले की मागे-पुढे दोन्हीकडे आरपारच बसव. ब्रेटने मान डोलावली.

सायकल तयार झाली त्या दिवशी मी एका बाळंतिणीकडे अडकले होते. पती एकटेच जाऊन घेऊन आले. मी पाहिले तर मागे आरपार एक्सल होता आणि पुढे लिव्हर. मी ब्रेटला फोन केला. तो म्हणाला की मागवलेला फोर्क बोटीत अडकला आहे, तोवर हा त्याच्याकडचा लावला आहे. मी चिडले. तेव्हा त्याने सांगितले, “अगं, फोर्कच्या टोकांना छोटे ओठ असतात, उचललेली कड. लिव्हर सैल झालं तरी चाक त्या ओठांवर अडकतं. खाली पडत नाही.” हे त्याचे शब्द आहेत. मी त्यावर विश्वास ठेवला.

त्या रविवारी निघण्यापूर्वी पतींनी लिव्हर बंद केले ते मी समोर उभी राहून पाहिले आहे. इतके घट्ट की तळहातावर वळ उमटला. तो त्यांनी मला दाखवला आणि म्हणाले, “बघ, आता झालं ना समाधान?”

उतारावर मी त्यांच्या मागे होते. वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. लिव्हर घट्ट असूनही पुढचे चाक फोर्कमधून सुटले आणि एकटेच वाटेने पुढे गेले. पती डाव्या खांद्यावर पडले. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या आहेत. डावा हात हलत नाही. हलेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. कोरताना पती छिन्नी डाव्या हातात धरतात.

दुसऱ्या दिवशी कपडे घ्यायला मी घरी आले. सायकल पडवीत होती, चिखल तसाच होता. फोर्कची टोके मी बोटाने पुसली. तिथे ओठ नव्हते. दोन्ही टोके कानशीने घासून सपाट केलेली होती, कानशीचे ओरखडे दिसत होते. चाक लवकर काढता यावे म्हणून शर्यतीत उतरणारे कोणी कोणी असे करतात. ब्रेट पूर्वी शर्यतीत उतरत असे. मी घाईत होते, परत रुग्णालयात गेले.

माझ्या पाठीमागे ब्रेट घरी आला. आमच्या सायकल क्लबला अपघाताच्या तपासणीसाठी सायकल हवी आहे असे त्याने पारेला सांगितले. तिने दिली. त्याने ती धुऊन परत आणली. आता फोर्कला ओठ होते, म्हणजे फोर्कच बदललेला होता. मी क्लबमध्ये विचारले. तिथे कोणी सायकल मागितलीच नव्हती. उलट ब्रेटने त्यांना कळवले होते की तामाती लिव्हर लावायला विसरला.

पतींना रोटोरुआच्या रुग्णालयात आणल्यापासून ब्रेट रोज संध्याकाळी येत असे. सूप पाजत असे, दाढी करून देत असे. परिचारिका म्हणत, असा मित्र मिळायला भाग्य लागते. पतींना पडल्याचे काही आठवत नाही. त्यांनाही त्याने तेच सांगितले. तेव्हापासून मी गेले की पती माझी माफी मागत. म्हणत, “माझ्याच हातून राहिलं गं.” वळाचे मी सांगितले तर म्हणत की मी त्यांची समजूत घालते आहे.

मी दुकानात गेले. आधीचा फोर्क कुठे आहे असे विचारले. ब्रेट म्हणाला, “फोर्क दाखवून त्याचा हात परत येणार आहे का?” मी म्हणाले, “तो रोज माझी माफी मागतोय, ब्रेट. तुझ्यासमोर मागतोय.” तेवढ्यात गिऱ्हाईक आले. तो त्याच्याशी बोलू लागला.

त्याच संध्याकाळी तो पतींची दाढी करत असताना मी फोर्कबद्दल जे पाहिले ते सर्व सांगितले. पतींनी त्याला विचारले, “ओठ होते का?” ब्रेट वस्तरा पुसत राहिला. पतींनी पुन्हा विचारले. त्याने वस्तरा मेजावर ठेवला आणि निघून गेला. पतींच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच होता. उरलेली दाढी मी केली. मधेच ते म्हणाले, “इतके दिवस तुझी माफी मागत होतो, ती परत दे.” मी दिली.

आज सकाळी पडवीत चिंध्यांत गुंडाळलेला तो फोर्क मिळाला. चिठ्ठी नव्हती. तो मी सोबत आणून जमा केला आहे. टोके सपाट आहेत.

तक्रार करू नकोस असे पती म्हणाले. त्यांचे न ऐकता मी आले आहे. ओठ घासले ही चूक म्हणून मी कदाचित गिळली असती. ज्याचा हात गेला त्याच्यावरच दोष ढकलला, त्याला सूप पाजता पाजता ढकलला, हे मी गिळणार नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. अपघाताच्या मजकुरात क्लबच्या अहवालावरून ‘लिव्हर सैल राहिल्याने’ असे आले होते. ते मी खोडायला लावले व त्या जागी ‘लिव्हर घट्ट असूनही’ असे लिहून घेतले. पुन्हा वाचून घेतले. आता बरोबर आहे.

सही : हुइया किंगी