गाण्यातली घोडी

पोर्टलंडच्या रेकॉर्डच्या दुकानात एका कंट्री बँडच्या सह्या घ्यायला रांग लागली होती. त्यांचं प्रत्येक गाणं म्हणजे एक गोष्टच असते. माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभे होते.

"बाबा, नव्या गाण्यातला तो माणूस तुम्हीच ना?"

"कशावरून?"

"लाकडाची गिरणी बंद पडते, तो लेकीला न विचारता तिची घोडी विकतो आणि लेक घर सोडते. अजून काय राहिलं?"

"लाँड्रीत मशीनमध्ये कपडे वाळेपर्यंत या बँडच्या गायकाशी बोलत बसलो होतो. तो गाणं करेल हे मला काय ठाऊक!"

"सहा वर्षं मी तुमचा फोन उचलला नाही. परवा रेडिओवर हे लागलं. शेवटच्या कडव्यात घोडी बर्फात मरते, तेव्हा गाडी बाजूला घेऊन रडले."

"म्हणून भेटायला बोलावलंस होय?"

"खरं सांगा, फार हाल झाले का तिचे?"

"कोणाचे, पेनीचे? अगं, ती कुठं मेलीय!"

"काय?"

"ते त्यानं पदरचं घातलंय. बेंड गावाजवळच्या कुरणात चरतेय ती. दर रविवारी गाजरं घेऊन जातो मी."

"बाबा! जिवंत आहे?"

"चांगली दांडगी आहे. गेल्या रविवारी माझी टोपी खाल्ली."

"आणि आपण इथं रांगेत काय करतोय?"

"त्या गायकाला सांगायला नको?"

"राहू दे त्याला त्याच्या गाण्यात. चला, गाडीत बसा."

मी दोन पावलं पुढे सरकलो.