पोटातल्यांचं आवतन

नाही, मले सांगा, पोट कोनाचं? माहं! भातकुलीच्या वावरात वांगे-मेथ्या पिकवून, अमरावतीच्या बाजारात ओरडू ओरडू विकून, तीस वर्षं मीच भरलं ना हे? अन् आज पोळ्याच्या दिवशी घरभर पुरणाचा वास सुटून राहिला, अन् माह्या ताटात काय? अंबाडीची भाजी अन् कोंड्याची भाकर! काहून? तर माहा साळा, बायकोचा भाऊ, शिकला म्हणून!

तुमाले सांगतो, हा भगवंत नागपूरले प्रयोगशाळेत जंतू पाहते. एवढं शिकून जंतू पाहते! माहं पोट गुडगुड करे, म्हणून मी सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी धरली... म्हटलं, आत जे काही वळवळते ते उपाशी मरन. मीच अर्धा झालो! अन् हा आला राखी बांधून घ्याले, अन् चष्मा पुसू पुसू म्हणते कसा, "भाऊजी, ते उपाशी राहत नसतात. तुमच्या आतड्याले आतून बुळबुळीत थर असते. प्रथिनाच्या दोरीले साखरेच्या माळा लोंबतात. तुमी नाही जेवले, तर ते त्या माळाच खातात. एक जंतू टोकाचा मणी तोडते, मंग दुसऱ्याले पुढचा भेटते, मंग तिसऱ्याले..."

म्हणजे पाहा! मी उपाशी, अन् हे घरात बसून भिंतीचा गिलावा खाऊन राहिले! मले सांगा, पोट कोनाचं?

मी म्हटलं, "बाबू, औषध दे, मारून टाकू सारे." तर म्हणते, "तसं नाही जमत. परदेशात उंदीर पाळले, ज्याइच्या पोटात एक जंतू नाही. तो थर खाले कोणीच नाही, मंग साचत गेला, अन् आतड्याचं एक टोक टम्म फुगलं!" घ्या! ठेवले तर खातात, मारले तर फुगते!

अन् हे सारं दारात उभं राहून कोण ऐके? सत्यवती, आमची बायको! तिचे डोळे भरून आले. माह्यासाठी? छट्! "इतके दिवस उपाशी ठेवलं त्या जीवाइले!" अन् भावाले इचारते, "त्याइले आवडते काय रे?" तो म्हणते, "ताई, गोडधोड वरच्यावर पचून जाते, खाली पोचत नाही. कोंडा, पालेभाजी, असं चोथ्याचं पोचते." संपलं! तवापासून मी चोथा खाऊन राहिलो. गुडगुड थांबली, खोटं नाही बोलत... पण जिभेचं काय? म्हटलं, पोळ्याले तरी पुरणपोळी भेटन.

काल संध्याकाळी तिनं बैलाइच्या खांद्याले हळद-तूप चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, अन् तुमाले खोटं वाटन, त्याच हातानं माह्या पोटाले तूप लावून, वाकून म्हणते, "तुमीबी आवतन घ्या!" मी तिथंच समजलो...

आज बैल जेवले, तुपात बुडवलेली पुरणपोळी! अन् मी ताट सरकवून म्हटलं, "अवं, पोट कोनाचं?"

म्हणते, "तुमचंच हाये जी. म्हणून तर! घरधनी पाहुण्याइच्या मांगून जेवते."

म्हटलं ठीक. भगवंताले फोन लावून इचारलं, "पाहुणे कवा उठतीन बाबू?" तर म्हणते, "भाऊजी, ते उठत नाहीत. तुमी उठल्यावरबी ते जेवतच राहतात."

वाढ माय, वाढ त्याइले.